नाम कुणाचं, कर्ता कोण?



ह्या अंकाचं संपादकीय इंग्रजी व्याकरणावर आहे. नामावर. शाळेत मास्तर ज्याला नाउन म्हणायचे त्या नामावर. आता काहीजण कपाळाला आठ्या घालतील. वस्त्यांवर हल्ले होतायत, नोकऱ्या कंत्राटात गेल्या, शिष्यवृत्तीसाठी पोरं खेटे घालतायत, आणि हे संपादक मंडळ पार्ट्स ऑफ स्पीच शिकवायला निघालंय. हे चळवळीचं अनियतकालिक आहे का क्लासवाल्याचं गाईड?

गाईड नाही. पण ज्या मराठवाड्यात एका नामासाठी माणसं मेली, घरं जळाली, १६ वर्षं लढा चालला, तिथल्या पोरांनी नाम म्हणजे काय हे मास्तराच्या छडीपुरतं शिकावं, हे आम्हाला मंजूर नाही. संस्कृतात नाम म्हणजे नाव. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेला एखादा म्हातारा अजून हयात असेल तर त्याला विचारा. तो नामाला इस्म म्हणेल, आणि इस्म म्हणजेही नावच. इंग्रजीतला नाउन लॅटिन नोमेनवरून आला. त्याचाही अर्थ नाव. तीन भाषांचं ह्या बाबतीत एकमत आहे. मग आमचा पहिला सवाल असा, की नाव ठेवण्याचा हक्क कुणाचा?

गावात तो हक्क कुणाचा होता हे आम्हाला ठाऊक आहे. आईबापानं पोराचं नाव हौसेनं राम ठेवलं. गावानं त्याचा राम्या केला. पाटलाच्या घरातही एक राम जन्मला, तोही ल्हानपणी राम्याच होता, पण मिसरूड फुटलं आणि तो रामराव झाला. आमचा राम्या साठी उलटली तरी राम्याच. नाम तेच, फक्त प्रत्यय वेगळा. सगळा गावगाडा त्या एका प्रत्ययात बसलेला होता. व्याकरण पुस्तकात नसतं दोस्तांनो, ते चावडीवर असतं.

आता इंग्रजीकडं येऊ. १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिल्या. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाड्याच्या छातीवर, मिलिंद महाविद्यालय उभं केलं. इंग्रजी आम्हाला फॅशनसाठी नको होती. ती सत्तेची भाषा होती म्हणून हवी होती, आणि ती अजून सत्तेचीच भाषा आहे. महाराष्ट्रानं २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आणली. पण झेडपीच्या शाळेतलं पोर 'नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग' एवढं घोकतं आणि दहावीला तिथंच दांडी उडते. पुढं स्पर्धा परीक्षेच्या पेपरात तोच नाउन पुन्हा छातीवर बसतो.

पण मार्कांचं दुखणं लहान आहे. मोठं दुखणं वेगळंच आहे.

तुमच्यातले बरेचजण आज पुण्यात, मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात खोली करून राहतात. आईबाप मात्र गावाकडं. तेव्हा गावाकडूनच बघू. जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका धरा. दक्षिणेच्या अंगाला गोदावरी, काठाला ऊस. तिथल्या एखाद्या वस्तीत मारहाण झाली असं समजा. वस्तीतली बाई ठाण्यात जाऊन काय सांगते? 'अमक्यानं माझ्या नवऱ्याला काठीनं मारलं.' वाक्य बघा. कर्ता आहे, कर्म आहे, हत्यार आहे, क्रियापद आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या तोंडी सगळ्या विभक्त्या जागच्या जागी.

हेच प्रकरण पुढं विशेष न्यायालयात जातं. अपील झालं तर मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं जातं. हायकोर्टाचं कामकाज संविधानाच्या ३४८ व्या कलमानं इंग्रजीत चालतं. बाईचं वाक्य इंग्रजीत शिरताना त्याचं 'असॉल्ट' होतं, 'इन्सिडंट' होतं, 'ऑकरन्स' होतं, समोरच्या वकिलाच्या तोंडी 'व्हिलेज डिस्प्यूट' होऊ शकतं. ही सगळी नामं आहेत, आणि ह्या नामांना कर्त्यावाचून चालतं. 'द इन्सिडंट टुक प्लेस' म्हटलं की घटना घडली. पाऊस पडतो तशी. काठी कुणाच्या हातात होती हे वाक्यातून गळून पडलं, आणि व्याकरणाची एकही चूक झाली नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. नाम मार्कांसाठी शिकाच, पण त्याहून जास्त ते उकलण्यासाठी शिका. नामाच्या पोटातलं क्रियापद बाहेर ओढा. क्रियापद आलं की त्याच्या मागनं कर्ता येतो. मुकाट येतो.

हे कसं करायचं ते पायरीपायरीनं बघू.

मराठी व्याकरणात पार्ट्स ऑफ स्पीचला काय म्हणतात? शब्दांच्या जाती! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद धरून आठ जाती. पंडितांना दुसरा शब्दच सुचला नाही. असो. इंग्रजीत शब्दाची ही जात जन्मानं ठरत नाही. 'वॉटर' घ्या, महाडच्या तळ्यापासून आमचं ज्याच्याशी भांडण आहे ते पाणी. 'आय ड्रिंक वॉटर' म्हटलं तर नाम. 'वॉटर द फील्ड' म्हटलं तर क्रियापद. 'वॉटर टँक' म्हटलं तर मुख्य नाम टँक, आणि वॉटर त्याच्यापुढं विशेषणाचं काम करतं. शब्द तोच, स्पेलिंग तेच, काम बदललं की जात बदलली. आता इथं एखादा गुणकर्मवाला लगेच मान डोलवेल, की बघा, आम्ही तरी दुसरं काय सांगत होतो, जात कामावरूनच! थांब बाबा. शब्द सकाळी नाम असतो आणि दुपारी क्रियापद होतो. तुझ्या गावात सकाळी गटार उपसणारा दुपारी गाभाऱ्यात गेलेला दाखव, मग बोलू.

तेव्हा इंग्रजीत नाम ओळखायचं ते व्याख्येवरनं नाही, जागेवरनं. त्याच्या आधी 'द', 'अ', 'धिस', 'माय' बसू शकतं का? त्याला अनेकवचनाचा 'एस' लागतो का? 'इन', 'ऑफ', 'टू' ह्या शब्दांनंतर ते बसतं का? वाक्यात ते कर्ता किंवा कर्म होऊ शकतं का? ह्यातल्या खुणा पटल्या की ते नाम. प्रत्येक नामाला सगळ्याच खुणा लागू होतील असं नाही. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' ह्यांना 'एस' लागत नाही, तरी ती नामंच.

मराठी माणूस इथं का अडखळतो तेही समजून घ्या. आपलं नाम शेपटीला वाकतं. जालना, जालन्याला, जालन्यातून. इंग्रजीत जालना वाकत नाही, त्याच्यापुढं 'टू' किंवा 'फ्रॉम' येऊन उभं राहतं. आपल्याकडं 'पाटलानं रामाला मारलं' म्हणा का 'रामाला पाटलानं मारलं' म्हणा, मार खाणारा रामाच. प्रत्यय सांगतो कर्ता कोण ते. इंग्रजीत शब्दाची जागा सांगते. जागा बदलली तर मारणारा मार खाणारा होतो. आणि वाक्य कर्मणी केलं, की कर्ता 'बाय'च्या मागं शेवटी जातो. शेवटच्या माणसाला गाडीतून ढकलणं सोपं. 'रामा वॉज बीटन.' झालं, वाक्य पूर्ण. पाटील फरार.

आता शब्दांची कुटुंबं बघू. 'एक्सप्लॉइट' हे क्रियापद, पिळणं. त्यापासून 'एक्सप्लॉयटेशन', पिळवणूक, भाववाचक नाम. 'एक्सप्लॉयटर', पिळणारा. 'एक्सप्लॉयटेड', पिळला गेलेला. क्रियापद एकच, त्यातून क्रियेचं नाव निघालं, करणाऱ्याचं नाव निघालं, सोसणाऱ्याचं नाव निघालं. 'एम्प्लॉय' घ्या. 'एम्प्लॉयर' कामाला ठेवणारा, 'एम्प्लॉयी' ठेवला गेलेला, 'एम्प्लॉयमेंट' त्या व्यवहाराचं नाव. 'अर' आणि 'ई' ह्या दोन प्रत्ययांत मालक-मजुराचं अख्खं नातं उभं आहे. सरसकट नियम मात्र करू नका. 'कुकर' म्हणजे स्वयंपाकी नव्हे, ते भांडं. स्वयंपाकी म्हणजे 'कुक'.

आपल्याकडं एम्प्लॉयीला काय म्हणतात? बीड-जालन्याच्या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला म्हणतात कोयता. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते? एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. माणसाचं नाम पुसलं आणि हत्याराचं नाम चिकटवलं. इंग्रज गिरणीमालकही कामगारांना 'हँड्स' म्हणायचे. त्यांनी निदान हात तरी अंगाला ठेवला होता. आणि जे पैसे अंगावर घेतले ती 'उचल'. उचलणे ह्या क्रियापदाचं नाम. शब्द असा घडवलाय, की जणू मजुरानंच काहीतरी उचललं. देणारा कोण, कुठल्या अटीवर दिलं, फिटेपर्यंत कुणाला बांधून घेतलं, हे त्या नामात नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या केंद्रीय कायद्यानं मात्र 'ॲडव्हान्स'ची व्याख्या करताना देणारा आणि घेणारा ह्या दोन्ही माणसांना वाक्यात आणून उभं केलं. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, की दोन टोकं धरल्याशिवाय गाठ सुटत नाही.

आता आमचंच कुटुंब. 'टच', शिवणं. क्रियापद. कुणीतरी कुणालातरी शिवतं किंवा शिवत नाही. त्याला 'एबल' लावलं, 'टचेबल'. विशेषण झालं, शिवता येण्याजोगा. पुढं 'अन' लावलं, 'अनटचेबल'. शिवायला नको असा. बघा काय झालं. शिवत नव्हता तो सवर्ण. क्रिया त्याची, नकार त्याचा. पण विशेषण चिकटलं आम्हाला. त्याची खोड आमचा गुण झाली. मग त्याच विशेषणाला 'एस' लावून नाम केलं, 'अनटचेबल्स'. इथं एक बारीक नियम ध्यानात घ्या. 'द पुअर', 'द ऑप्रेस्ड' ह्यांना 'एस' लागत नाही. ते 'द' लावून नामाच्या जागी बसलेलं विशेषण आहे. क्रियापद मात्र अनेकवचनी, 'द पुअर आर'. पण 'अनटचेबल'ला 'एस' लागला, म्हणजे ते पुरतं नाम झालं. विशेषण माणसाची एक बाजू सांगतं, नाम अख्खा माणूस गिळतं. शेवटी 'अनटचेबिलिटी'. भाववाचक नाम. आता त्यात माणूसही नाही आणि शिवणं न शिवणंही नाही. नुसती एक स्थिती, हवेत तरंगणारी. अशी चार प्रत्ययांत एका माजोरड्या माणसाची कृती निसर्गाची व्यवस्था होऊन बसते.

हे बाबासाहेबांना कळत नव्हतं का? दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ साली, त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिलं. त्यात प्रतिनिधित्वाच्या मागणीबरोबर नावाचाही मुद्दा होता. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव त्यांना आक्षेपार्ह वाटत होतं. त्याऐवजी 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' अशी नावं त्यांनी सुचवली. फरक बघा. 'डिप्रेस्ड' म्हणजे दाबला गेलेला, दुसऱ्याच्या क्रियेनं ठरलेला. 'प्रोटेस्टंट' म्हणजे निषेध करणारा. सोसणाऱ्याच्या खुर्चीतून उठून करणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं, एवढा तो मुद्दा होता. सरकारनं ऐकलं नाही. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला आणि १९३६ च्या आदेशानं यादी लागली. 'शेड्यूल' म्हणजे यादी, नाम. त्याचंच क्रियापद झालं, यादीत घालणं. त्यापासून 'शेड्यूल्ड', यादीत घातलेल्या. सरकारी दप्तराचं नाम, पण निदान कर्ता स्पष्ट आहे, की यादी सरकारनं केली आणि त्या यादीवर आपला हक्क सांगता येतो.

दुसरीकडं 'हरिजन'. तो गोंडस शब्द १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत विधेयकातून कायद्यात घुसवायला निघाले, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं विरोध केला आणि सभात्याग केला. ज्यांचं नाव ठेवायचं त्यांना विचारलं का, हा सवाल होता.

मग 'दलित' कुठून वेगळा? व्याकरणानं बघाल तर तोही धातुसाधित, दळला गेलेला. पण हा शब्द ऐकला की आपोआप प्रश्न उभा राहतो, दळला कुणी? 'हरिजन' ऐकून तो प्रश्न पडत नाही. आणि पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं ह्या विशेषणाचं नाम केलं तेव्हा ते एका यादीपुरतं ठेवलं नाही. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, अशी त्याची व्याप्ती वाढवली. दळणारा एक, म्हणून दळले जाणारे एक. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सल्ला दिला, की 'दलित' हे नाम टाळा, 'शेड्यूल्ड कास्ट' म्हणा. अर्जावर, दाखल्यावर तोच शब्द लिहावा लागतो हे आम्हालाही कळतं. पण रस्त्यावर काय म्हणायचं ते आम्ही ठरवू.

आता त्या विद्यापीठाच्या नावाकडं येऊ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या. तेव्हा जालना जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो १९८१ साली औरंगाबाद जिल्ह्यातून निघाला. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. हे सगळं पुस्तकांत, लेखांत कुठल्या नामानं नोंदलं गेलं? 'रायट्स'. मराठवाडा रायट्स. मराठीत दंगल. दंगलीत दोन बाजू असतात असं हे नाम ऐकताक्षणी वाटतं. 'अटॅक' म्हटलं तर 'अटॅकर' शोधावा लागतो. 'आर्सन' म्हटलं तर आग लावणारा शोधावा लागतो. 'रायट' म्हटलं की सगळेच सारखे, सगळेच भडकलेले, कुणी कुणाला विचारायचं नाही.

शेवटी १४ जानेवारी १९९४ ला काय मिळालं? नामांतर नाही, नामविस्तार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. इंग्रजीत अशा नामांच्या माळेत शेवटचं नाम मुख्य असतं. युनिव्हर्सिटी हे मुख्य, बाकीची त्याच्यापुढं विशेषणासारखी उभी. म्हणजे भांडण मुख्य नामावर नव्हतंच. ज्ञानाच्या घरापुढं कुणाचं नाव उभं राहणार, त्या एका जागेसाठी १६ वर्षं गेली. नाव बदललं नाही, लांबवलं. हा राजकीय समझोता तुम्हाला कुठल्याही भाषणापेक्षा त्या नामाच्या रचनेत चोख दिसेल.

मग भाववाचक नाम म्हणजे शत्रूच का? नाही. ह्याच नामाचं हत्यार बाबासाहेबांनी उलटं फिरवलं. १९३६ च्या त्यांच्या ग्रंथाचं नाव आठवा, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. 'ॲनिहिलेट' म्हणजे शून्य करणं, त्याचं हे नाम. इथं 'ऑफ' कर्म दाखवतो, कशाचं निर्मूलन, तर जातीचं. कर्ता मोकळा सोडलाय. ती जागा तुमच्या-आमच्यासाठी रिकामी आहे.

संविधानाचं १७ वं कलमही असंच. त्यात 'अनटचेबिलिटी' हे नाम अवतरणचिन्हांत आहे, ते नष्ट केलं आहे आणि त्याचं कुठल्याही रूपातलं आचरण निषिद्ध आहे. एक-एक कृत्य मोजत बसण्याऐवजी अख्खी व्यवस्था एका नामात पकडून एका वाक्यात मोडली. ही भाववाचक नामाची ताकद. पण व्याख्या संविधानात नाही, १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यातही नाही. म्हैसूर हायकोर्टानं १९५८ साली छापून आलेल्या एका निकालात त्या अवतरणचिन्हांकडं बोट दाखवलं. इथं शब्दाचा व्याकरणातला अर्थ घ्यायचा नाही, ह्या देशाच्या इतिहासात जे वाढलं ते आचरण घ्यायचं, असा त्याचा आशय. दोन चिन्हांनी एका नामाचा अर्थ बांधला.

तरी त्या वाक्यात कर्ता नाही. तो कुठं आला? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. तिथं 'ॲट्रॉसिटी' ह्या नामाची व्याख्या दुसरं नाम देऊन केलेली नाही. तिसऱ्या कलमाकडं बोट दाखवलंय. आणि ते कलम सुरू होतं 'हूएव्हर' ह्या शब्दानं. जो कोणी! पुढं क्रियापदांची रांग. अखाद्य खायला लावतो, घाण आणून टाकतो, धिंड काढतो, अपमान करतो, पिण्याचं पाणी नासवतो. नामातून क्रियापदाकडं, क्रियापदातून कर्त्याकडं. घनसावंगीच्या वस्तीतली ती बाई पहिल्यापासून ज्या व्याकरणात बोलत होती, तिथवर यायला प्रजासत्ताकाला जवळपास ४० वर्षं लागली.

आणि गावानं काय केलं? गावानं ते नामही फिरवलं. आज गावात 'त्यानं ॲट्रॉसिटी केली' असं वाक्य कानावर पडलं तर अर्थ काय होतो? त्यानं अत्याचार केला? नाही! त्यानं केस घातली. ज्याच्यावर अत्याचार झाला तोच त्या क्रियापदाचा कर्ता झाला. इंग्रजीत 'कमिट ॲन ॲट्रॉसिटी' म्हटलं तर करणारा हा गुन्हेगार असतो. मराठीच्या उंबऱ्यात येताच तो फिर्यादी झाला. आणि आपलीही पोरं सहज बोलून जातात, 'लाव त्याच्यावर ॲट्रॉसिटी.' दोस्तांनो, जीभ आवरा. ॲट्रॉसिटी त्यांनी केली. आपण केली ती फिर्याद. हे एक वाक्य नीट बोललात तरी ह्या अंकाचा कागद वसूल झाला.

आता शेवटची गाठ. 'कास्ट' हे नाम इंग्रजीत पोर्तुगीज 'कास्ता'वरून आलं. ह्या नामाचं इंग्रजीत रोजच्या वापरातलं क्रियापदच नाही. क्रियापद नाही म्हणून 'कास्टर' नाही, करणारा नाही. जात म्हणजे जणू डोंगर, कुणी केलाच नाही. २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, 'कास्ट्स इन इंडिया'. त्यात त्यांनी हे हरवलेलं क्रियापद शोधून काढलं. कोंडणं. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, आणि लग्नाचं बंधन ही त्याची कडी. आधी एका वर्गानं दार लावलं, मग बाकीच्यांना दार बंद सापडलं. दार लावलं म्हटलं की लावणारा हात आला. आणि दोन ग्रंथांच्या नावांतलं वचन बघा. १९१६ ला 'कास्ट्स', अनेकवचन. कारण एकटी जात असूच शकत नाही, एक म्हटली की दुसरी आलीच, हे त्यांनी त्या निबंधातच मांडलं. १९३६ ला 'कास्ट', एकवचन, न मोजता येणारं नाम, अख्खी व्यवस्था. मोजायच्या तेव्हा अनेकवचन, मोडायची तेव्हा एकवचन. काउंटेबल आणि अनकाउंटेबल हा धडा याहून चांगल्या उदाहरणानं कुठल्या गाईडात शिकवलाय ते दाखवा.

तर करायचं काय? एक वही घ्या. चार रकाने पाडा. पहिल्यात क्रियापद, दुसऱ्यात करणाऱ्याचं नाम, तिसऱ्यात सोसणाऱ्याचं, चौथ्यात क्रियेचं नाम. रोज इंग्रजी पेपरातली पाच भाववाचक नामं उचला. 'डेव्हलपमेंट', 'डिस्प्लेसमेंट', 'इव्हिक्शन', 'प्रायव्हटायझेशन', 'एन्क्रोचमेंट'. रकाने भरा. कोण विकसित करतंय, कोण हुसकलं जातंय, कोण कुणाच्या जागेवर चढतंय. जो रकाना रिकामा राहील, तिथं त्या बातमीनं कुणालातरी लपवलंय असं समजा आणि शोधा. परीक्षेतला वर्ड फॉर्मेशनचा प्रश्न तर सुटेलच. गावाकडनं फिर्यादीचा, अर्जाचा, नोटिशीचा कागद आला, तर तोही तुम्हीच वाचून द्या. आणि इंग्रजीत लिहाल तेव्हा कर्ता पहिला लिहा.

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगलं झालं, आम्ही नावं ठेवत नाही. पण घनसावंगी असो की आणखी कुठलं गाव, वस्ती अजून गावाबाहेर असेल, मसणवाट वेगळी असेल, तर नाम बदललं आणि 'बाहेर' हे अव्यय तसंच राहिलं. अव्ययाला व्याकरणात अविकारी म्हणतात, न बदलणारं. ते शब्दापुरतं खरं आहे. गावापुरतं ते खरं राहू द्यायचं नाही. त्यासाठी क्रियापद लागेल, आणि त्या क्रियापदाचे कर्ते तुम्ही.

जयभीम!